नऊ नंबरची निळी मूठ

ग्लायडर क्लबात नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात त्याला चार शब्द शिकवत. विंच, केबल, ब्रेक आणि नाना. पहिले तीन कुठल्याही मैदानावर चालतात. चौथा फक्त त्या एका मैदानावरचा.

विंच म्हणजे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलेलं दणकट इंजिन. त्याच्या रिळावर किलोमीटरभर केबल. तिचं टोक ग्लायडरच्या पोटाला अडकवायचं, विंचवाल्याने ती सणसणीत ओढायची, आणि बिनइंजिनाचं ते धूड आभाळात चढायचं. कधी केबल तुटते, कधी विंच दम टाकतं, आणि स्वारी अर्ध्यातूनच खाली येते. असं झालं की तिथे म्हणत, "नाना झाला." कुणी कौतुकाने सांगे, "काल माझे एका दिवसात दोन नाना झाले!" आणि सगळे हसत.

हा नाना कोण, ते मोठे सर स्वतः सांगत. मोठे सर म्हणजे क्लबचे मुख्य शिक्षक; अडुसष्ट वर्षांचे, ताठ, आवाज भारदस्त. प्रत्येक तुकडीला पहिल्या रविवारी ते ही गोष्ट ऐकवत.

"एकोणीस वर्षांपूर्वी आपल्याकडे एक विंचवाला होता, नाना म्हणून. मी नऊ नंबरचं नवंकोरं ग्लायडर घेऊन पहिल्यांदाच निघालो होतो. आणि भर चढात बाबाचा हात ढिला पडला! डुलकी लागली असेल, नाहीतर विडी पेटवत असेल." इथे हशा. "सत्तर मीटरवरून आदळलो. मशीनचं पोट फाटलं, माझी कंबर गेली. पण डोकं शांत ठेवलं, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे."

मग ते भिंतीकडे बोट दाखवत. तिथे चौकटीत चौकशीचा अहवाल लावलेला होता. कारण एका ओळीत: विंचचालकाने पुरेशी ताकद दिली नाही.

तिसऱ्या रांगेत बसणारी एक बाई या गोष्टीला कधीच हसली नव्हती. वय चौतीस, अंगाने काडी, केस घट्ट बांधलेले. दातांच्या कवळ्या बनवायचा तिचा धंदा. तीन वर्षांत तिने ही गोष्ट सहा वेळा ऐकली होती आणि सहाही वेळा मांडीवरच्या वहीत पेनाने भोक पाडलं होतं. नाना तिचे वडील.

क्लबात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं लग्न होऊन मोडलं होतं, आडनाव मात्र नवऱ्याचं राहिलं होतं. त्या माणसाने दिलेली तेवढी एकच गोष्ट तिच्या उपयोगी पडली.

त्या अपघाताच्या दिवशी ती पंधरा वर्षांची होती. नाना घरी आले, हात न धुता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पूर्ण ताकद दिली होती गं. तरी चढेना. पंखांवर फळ्या उभ्या होत्या, मी या डोळ्यांनी पाहिल्या." फळ्या म्हणजे हवेतले ब्रेक. ग्लायडरच्या दोन्ही पंखांच्या पाठीवर पट्टीसारखे बसवलेले असतात. उतरताना निळी मूठ मागे ओढली की ते उभे राहतात, वारा अडवतात आणि ग्लायडर झपझप खाली येतं. चढताना ते बंद हवेत, आणि नुसते बंद नाहीत, पक्के अडकलेले हवेत; नाहीतर पंखावरून वाहणारा वारा त्यांना ओढून उघडतो.

नानांनी चौकशीत हेच सांगितलं. चौकशीला तीन माणसं, त्यातली दोन मोठ्या सरांच्या रोजच्या चहाची. त्यांनी विचारलं, "किलोमीटरभरावरून फळी दिसली? चष्मा कितीचा हो तुमचा?" आणि म्हणाले, आदळल्यावर ब्रेक उघडे सापडले हा काही पुरावा नव्हे, उतरताना ते उघडेच असतात.

नानांना कामावरून काढलं नाही. क्लबचं मन मोठं! विंचवरून उतरवलं आणि मैदानाचं गवत कापायला लावलं. चार वर्षं ते गवत कापत होते आणि शंभर पावलांवर पोरं ओरडत होती, "नाना झाला रे!" पाचव्या वर्षी ते वारले. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मुलीने ते वाचलं, घडी घातली आणि दात आवळले.

ती क्लबात शिरली ती आभाळाच्या ओढीने नव्हे. आभाळ नंतर आवडायला लागलं, ते वेगळं. एकेकाळी तिला वाटे, मोठे सर मरावेत. पुढे तिने हिशोब नीट केला. मेलेल्याबद्दल लोक चांगलंच बोलतात, आणि ते तिला परवडणारं नव्हतं. तिला हवं होतं ते वेगळं: त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांसमोर, त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावं की नानांचा दोष नव्हता. पण सांगायला लावणार कशाच्या जोरावर? हातात काहीच नव्हतं. घरी आई म्हणायची, "सोडून दे आता. मेलेला माणूस परत येतो का?" ती जोडे पुसायची आणि मैदानावर जायची.

मग नऊ नंबर परत आली.

इतकी वर्षं ती शेडच्या मागच्या भिंतीशी फाटक्या पोटाने पडून होती. क्लबच्या मिस्त्रीने तीन हिवाळे खपून ती जोडली, घासली, रंगवली, आणि बाहेरून आलेल्या एका परीक्षकाने उडवून पासही केली. एका माणसाची, निमुळती, देखणी. दोन माणसांच्या शिकाऊ ग्लायडरवर ज्यांचं शिक्षण पुरं झालं होतं त्यांनी आता हिच्यावर जायचं. यादीत पहिलं नाव कवळीवाल्या बाईचं.

नव्या मशीनवर जाण्याआधी एक रीत आहे. जमिनीवरच आत बसायचं, डोळे मिटायचे, आणि बाहेरचा माणूस नाव घेईल ती मूठ चाचपडत न बसता पकडून दाखवायची. पिवळी केबल सोडायची, हिरवी तोल धरायची, निळी ब्रेकची, लाल डोक्यावरचं काचेचं झाकण उडवायची. मिस्त्री बाहेर पाटावर बसला आणि नावं घेऊ लागला. तिचे हात चुकत नव्हते.

"ब्रेक बंद," मिस्त्री म्हणाला.

तिने निळी मूठ पुढे ढकलली. शिकाऊ ग्लायडरवर मूठ पुढे गेली की संपलं. टोकाला पोचली की आपोआप अडकते. इथेही ती टोकाला पोचली आणि थांबली. पण ही बाई दिवसभर दुसऱ्यांच्या हिरड्यांवर केसभर उंच-सखल शोधणारी. तिच्या बोटांना ते टोक खोटं वाटलं. तिने मनगट ताठ करून रेटा दिला. मूठ आणखी दोन बोटं पुढे गेली आणि आतून आवाज आला, खट्.

तिने डोळे उघडले. मूठ मागे घेतली, पुन्हा पहिल्या टोकापर्यंत आणली, मान वळवून पंखाकडे पाहिलं. फळी पंखात सपाट बसलेली. बघणारा शपथेवर सांगेल, बंद आहे.

"मिस्त्रीकाका, हे असं पहिल्यापासून आहे?"

"कंपनीचंच तसं आहे. पुस्तकात लिहिलंय ना, अठराव्या पानावर. रेटून अडकवा म्हणून."

"पुस्तक कुणी वाचलं होतं तेव्हा?"

मिस्त्रीने हातातलं फडकं उलटसुलट केलं. "मी तेव्हा नवा होतो," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "तू नानांची ना? हनुवटी तीच आहे. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नाही बोललीस, म्हणून मी नाही बोललो."

ती बसायच्या त्या खोबणीतच बसून राहिली. सगळं एका जागी येऊन बसलं होतं. मोठे सर, पंधरा वर्षं एकच शिकाऊ मशीन उडवलेला माणूस. नवीन मशीन. आपल्याला कोण शिकवणार, हा तोरा. सवयीने ढकललेली मूठ, खोटं टोक. चढताना वाऱ्याने फळ्या उघडल्या आणि मशीन चढेना, तेव्हा याला वाटलं विंच मेलं. शिकाऊ मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाणाराच असं चुकू शकतो. तिच्या आधीही एक जण असाच गेला होता, एवढंच.

शनिवारी सकाळी नऊ नंबर मैदानाच्या सुरुवातीला उभी केली. दहाबारा विद्यार्थी जमले. मोठे सर झाकणावर वाकून तिला समजावून सांगू लागले. वेग किती, वळताना काय. मग त्यांनी हात आत घालून निळी मूठ पुढे सारली. पहिल्या टोकापर्यंत. "आणि हे ब्रेक. पुढे ढकलले की झालं. अगदी आपल्या शिकाऊ मशीनसारखंच."

 म्हणजे या माणसाला अजूनही माहीत नव्हतं! एकोणीस वर्षं गोष्ट सांगितली आणि अठरावं पान उघडलं नाही. या मशीनला त्या दिवसानंतर त्याने हातही लावला नव्हता.

आता सरळ माणूस काय करील? म्हणेल, सर, आणखी रेटावं लागतं. तिने तसं म्हटलं नाही. ती खोबणीतून बाहेर आली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, पहिलं उड्डाण तुम्हीच करून दाखवा ना. आम्ही कुणी तुम्हाला नऊ नंबरवर पाहिलंच नाही."

"हो सर! दाखवाच!" पोरांनी गलका केला.

"अरे, आज तिचा दिवस आहे," सर म्हणाले, पण हात टोपीकडे गेला होता. "माझी कंबर धरते हल्ली. बरं, एकच फेरी हं."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर दिली नाही, पंखाच्या टोकाकडे निघाली. निघण्याआधी ग्लायडर एका पंखावर कललेलं असतं. केबल लागली, वैमानिक तयार झाला की एक माणूस पंखाचं टोक उचलून समतल धरतो. पंख समतल झाला की खुणेचा माणूस विंचला इशारा देतो आणि केबल ओढू लागते. पंख धरणाऱ्याने उचलला नाही तर काही होत नाही. सगळं त्याच्या हातात.

सर आत बसले. पट्टे आवळले, झाकण लावलं. बारीक खिडकीतून त्यांचा आवाज आला, सवयीचा, गाणं म्हटल्यासारखा: "कंट्रोल मोकळे. पट्टे घट्ट. झाकण बंद. ब्रेक बंद, अडकले." निळी मूठ पुढे गेली. खट् झालं नाही. ते ऐकायला तिचे कान टवकारलेले होते, झालं असतं तर तिला पोचलं असतं.

"केबल लावा!"

केबल लागली. सरांनी अंगठा दाखवला.

पंखाचं टोक तिच्या तळहातावर होतं. जेमतेम दोन शेर वजन. उचललं की झालं. विंच दूर धुरात थरथरत होतं, आणि खुणेचा माणूस तिच्याच हाताकडे बघत होता. मन अगदी शांत होतं तिचं. तिला दिसलं: मशीन धावेल, उठेल, फळ्या उभ्या राहतील, आणि मग कोण ओरडेल, नाना झाला. तीन श्वास ती तशीच उभी राहिली. तिला दया आली नाही; खोटं सांगण्यात अर्थ नाही. तिला एवढंच आठवलं की मेलेला माणूस कबुली देत नाही.

तिने पंख खाली गवतावर टेकवला, दोन्ही हात वर केले आणि खड्या आवाजात ओरडली, "थांबा! केबल सोडा!"

कुणीही थांबा म्हटलं की थांबायचं, हा त्या धंद्याचा पहिला नियम. केबल खळ्ळकन गळून पडली. सरांनी झाकण उघडलं. "काय झालं? काय दिसलं तुला?"

ती पंखाच्या कडेने चालत मधोमध आली. "सगळे इकडे या," ती म्हणाली, आणि पोरं आली. तिने फळीच्या कडेला दोन नखं लावली आणि उचललं. फळी अल्लाद उभी राहिली. त्याबरोबर पलीकडच्या पंखावरची उठली, आणि आत, सरांच्या गुडघ्याजवळ, निळी मूठ कुणी हात न लावता सरकत मागे आली. सर त्या मुठीकडे बघतच राहिले.

कुणी हसलं नाही.

"अडकवलेली फळी नखाने उचलली जात नाही, सर."

"असं... असं होतं कधीकधी," सर म्हणाले. "नवीन मशीन आहे."

"तेव्हाही नवीनच होतं. नाना म्हणाले होते, पंखांवर फळ्या उभ्या होत्या. तुमच्या माणसांनी त्यांना चष्म्याचा नंबर विचारला."

"कोण नाना?" असं ते म्हणायला गेले आणि मध्येच थांबले. तिची हनुवटी त्यांनाही आता दिसली असावी.

"मी त्यांची मुलगी. पुढच्या रविवारी सगळे जमतील तेव्हा सांगा, काय झालं होतं ते. तोवर मी उडणार नाही आणि गप्पही बसणार नाही." एवढं बोलून ती सायकल घेऊन निघून गेली. मागे मिस्त्री कुणालातरी अठरावं पान वाचून दाखवत होता, आणि मुद्दाम मोठ्याने.

मधल्या आठवड्यात मोठे सर तिच्या कामाच्या जागी आले. एक खोली, खाली चपलांचं दुकान. दोन टेबलं, एक भट्टी, भिंतीभर फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. ती एका कवळीचा सुळा घासत होती. तिने यंत्र बंद केलं नाही, नुसता वेग कमी केला.

"बसा. तुमचाही जबडा आहे इथे, दुसऱ्या फळीवर. तुमच्या दातांच्या डॉक्टरांकडून आला होता. दोन वर्षांपूर्वीचा तुमच्या दातांचा पूल मीच केलाय."

सरांचा हात नकळत गालाकडे गेला.

"घाबरू नका. चोख केलाय. सूड घ्यायला मी माझ्या कामात घाण करत नाही."

ते स्टुलावर बसले. टोपी गुडघ्यावर. मैदानावरचा आवाज बाहेरच राहिला होता. "मुली, माझं वय बघ. दोन वर्षांत मी निवृत्त होणार. तो अहवाल मी गुपचूप काढून टाकतो. तो शब्दही बंद करायला लावतो. तुला नऊ नंबर देतो, स्पर्धेला शिफारस देतो. पण सगळ्यांसमोर नको."

"माझ्या वडिलांना सगळ्यांसमोरच बदनाम केलं होतंत ना?"

"मला माहीत नव्हतं गं! खरंच माहीत नव्हतं."  यंत्र घरघरत होतं. "शंका होती."

तिने यंत्र बंद केलं. "काय म्हणालात?"

"चढताना हात मुठीवर होता. ती मागे आल्यासारखी वाटली. वाटलं, मीच ओढली असेन घाबरून. मग चौकशी झाली, सगळ्यांनी विंच म्हटलं. मीही म्हटलं. आणि एकदा म्हटल्यावर..."

"एकदा नाही, सर. दरवर्षी दोनदा. विडी पेटवत असेल म्हणून. नानांनी जन्मात विडी ओढली नाही."

सरांनी मान खाली घातली. तिला वाटलं होतं, हे बघून आत काहीतरी विरघळेल. काही विरघळलं नाही. उलट बरं वाटलं, उन्हात बसल्यासारखं.

"रविवारी हेच सांगा," ती म्हणाली. "शंका होती, हेच शब्द. गोड करायचं नाही. नाहीतर मी सांगीन, आणि मला तुमच्यापेक्षा चांगलं सांगता येतं."

रविवारी खोली गच्च भरली. जुने सभासदही आले होते, वास लागल्यासारखे. सर उभे राहिले. मशीन, मूठ, खोटं टोक, सगळं सांगितलं. मग घसरले. "एकंदरीत त्या दिवशी आपल्या सगळ्यांचीच थोडी थोडी..."

"सगळ्यांची नाही, सर," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

सरांनी पाण्याचा घोट घेतला. "नाही. माझी. नानांनी पूर्ण ताकद दिली होती. ते खरं बोलत होते. मला तेव्हाच शंका होती आणि मी बोललो नाही." मग ते भिंतीकडे गेले. चौकट खिळ्यावरून निघेना. मिस्त्री पक्कड घेऊन पुढे झाला. एका म्हाताऱ्या सभासदाने टाळी वाजवायला हात उचलले, ती त्याच्याकडे वळली, आणि त्याने ते मांडीवर ठेवले. कौतुक कसलं? एकोणीस वर्षं उशिरा खरं बोलल्याचं?

दुपारी ती उडाली. वजन कमी म्हणून मिस्त्रीने सीटखाली शिशाच्या दोन वड्या स्क्रूने आवळल्या. निळी मूठ तिने रेटली, खट् ऐकलं. पंख उचलला गेला. केबल ओढू लागताच शिकाऊ मशीनच्या सवयीने तिने सुकाणूचा दांडा जोराने ओढला आणि नऊ नंबर घोड्यासारखी नाक उडवू लागली: वर, खाली, पुन्हा वर.  मग तिने मनगट मांडीवर टेकवलं, दांडा दोन बोटांत धरला, सुळ्याला शेवटचा हात द्यावा तसा, आणि मशीन शहाण्यासारखं चढलं. चारशे मीटरवर केबल सोडली. एकदम शांतता. तिने तीन वळणं घेतली, खाली मैदान बघितलं, कापलेलं गवत बघितलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भूक मात्र सडकून लागली.

उतरल्यावर सर शेडच्या दारात उभे होते. त्यांनी हात पुढे केला. तिने पाहिला, आणि मशीनचं झाकण पुसायला घेतलं. माफी मागितली की द्यायलाच हवी, असा कायदा कुठे आहे?

लोक म्हणतात, सूड घेऊन समाधान मिळत नाही. ज्यांना तो कधी धड घेता आला नाही तेच असं म्हणतात. ती त्या दिवशी शीळ घालत घरी आली.

आई भाजी निवडत बसली होती. तिने सगळं सांगितलं: रविवारची खोली, शंका, चौकट, पक्कड.  मुलीला वाटलं, आता म्हणेल, झालं ना, सोड आता.

आईने ताट बाजूला सारलं. पदराला हात पुसले.

"त्याचा चेहरा कसा झाला होता?"

"पांढरा."

"पांढरा म्हणजे कसा? नीट सांग. घाम फुटला होता?"

"ओठावर होता थोडा."

"आणि नानांचं नाव घेताना? आदराने घेतलं की नुसतंच?"

"'नानाने' म्हणाले नाहीत. 'नानांनी' म्हणाले."

आईने एक लांब श्वास सोडला आणि पाय पसरून भिंतीला टेकली. "बस इथे," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. आणि घाई करू नकोस."